शेवटचं दळप

गिरणीत एक नियम असतो, कुठं लिहिलेला नसतो.
गव्हावर गहू, शाळूवर शाळू,
नाचणी सगळ्यात शेवटी,
कारण तिचा रंग दगड लवकर सोडत नाही.
म्हणून ती पोरगी रात्री साडेआठला यायची,
मी अर्धं शटर ओढल्यावर.

नाव हिरुत. इथिओपियाची.
इंजिनिअरिंगला आलेली, शंभर फुटीजवळ खोली.
आमच्या हिनं दुसऱ्याच दिवशी हिरू केलं,
आठवड्यानं हिरूताई.

पहिल्यांदा आली तेव्हा दळप नव्हतंच.
औषधाच्या बाटलीत चिमूटभर दाणे,
खसखशीहून बारीक, मातकट.
तळहातावर ओतले. म्हणाली, हे पाहिजे.
तीस वर्षं धान्य बघतोय.
पंख्याच्या वाऱ्यानं त्यातले निम्मे उडाले
आणि मला नाव सांगता आलं नाही.

राजगिरा बघ म्हटलं. बघितला. चिकट झाला.
वरी बघितली. फुटली.
गणपती पेठेत कच्ची कॉफी मागितली, हिरवी, घरी भाजायची,
तर कुणीतरी मेडिकलात पाठवलं,
तिथं वजन उतरायची पुडी मिळाली.
हे सांगताना ती हसायची.
मग हसणं संपायचं आणि पिशवी तशीच हातात.

एकदा म्हणाली, बेसनाचं आमच्यातही करतात,
लालभडक, पातळ. शिरो.
हिनं ऐकलं, आणि कौतुकानं रवा भाजायला घेतला.

बुधवारी, शुक्रवारी तिचा उपास.
दूध नाही, तूप नाही, अंडं नाही.
कांदा-लसूण मात्र पोटभर.
आमच्यात नेमकं उलटं.
मेसवाल्यानं एका बुधवारी तुपातली खिचडी वाढली,
'उपासाचीच हाय की!'
टपरीवर बिनदुधाचा चहा मागितला
तर पोरगं विचारतं, ताई, बरं नाही का?
ही म्हणाली, हसताय काय,
पर्युषणात परगावी गेल्यावर आपलं काय वेगळं होतंय?

शेवटी जमलं ते असं: नाचणी दोन भाग, शाळू एक.
बोटांत चोळून बघायची, मान हलवायची.
अजून बारीक.
मी परत टाकायचो.
मग तीन दिवस भिजवून ठेवायचं, आंबायला.
तीन दिवस तिच्या डोंगरातले. इथं एप्रिल.
दुसऱ्याच दिवशी पातेल्यानं झाकण उचललं,
आणि घरमालकीण नलवडेकाकूंनी
'नासलंय, वास सुटलाय' म्हणून सगळं मोरीत ओतलं,
वर पातेलं घासून चकचकीत करून
पालथं घातलं.
उपकारच केला त्यांनी.

त्या रात्री शटराखालून वाकून आली.
रडली नाही. पिठाच्या रिकाम्या डब्यावर बसली.
काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं,
तुझ्यात पिठाला काय म्हणतात?
'दुकेत.'
दुकेत, मी म्हटलं.
नाही, क इथून. तिनं गळ्याला बोट लावलं.
मला ते आलं नाही. अजून येत नाही.
तिला दळपातला ळ येत नव्हता,
दलप म्हणायची, दलप, आणि स्वतःवरच चिडायची.
असे दोघं बसलो बराच वेळ,
एकमेकांची अक्षरं नासवत.
मग पट्टा चालू केला.
पैसे नको म्हटलं. तिनं मोजून ठेवले, सुट्टे.

काल सकाळी नलवडेकाकू तक्रार घेऊन आल्या.
पहिलं दळप माझं असतंय,
तरी भाकरी काळपट का येतीया?
दगड झाडायचा राहिला असेल, म्हटलं, रात्रीचा.
वास पण वेगळा येतोय.
चव कशी हाय?
काकूंनी डबा पुढं सरकवला.
म्हणाल्या, ते मी विचारलं का तुला?